पत्रेकाकांची धाकटी

पत्रेकाका ट्रंका बनवायचे, आणि ट्रंक काही मुकाट्याने तयार होत नाही. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा ठोकून बसवायच्या, मग बिजागऱ्या, मग कडी-कोयंडा. सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत दुकानात हातोड्याचं राज्य. शेजारचा चष्मेवाला या ठणठणाटाला कंटाळून दुकान विकून गेला, हे काका मोठ्या कौतुकाने सांगायचे. पण गेली काही वर्षं त्यांना स्वतःलाच हा ठणठणाट लांबून येतोय असं वाटत होतं. हातोडा तोच होता, पत्राही तोच. मग बदललं काय, हे कळायला डॉक्टरकडे जायची गरज नव्हती.

ही गोष्ट काकांनी बाहेर कुणाला कळू दिली नव्हती, कारण ते चर्चच्या दोन पंचांपैकी एक होते. बाप्तिस्मा घेऊन मंडळीत येऊ इच्छिणाऱ्या माणसाची पाळकसाहेब परीक्षा घेत, दोन्ही पंच शेजारी बसून त्याची उत्तरं ऐकत, आणि दोघेही 'मान्य' म्हणाले तरच त्याचं नाव पुढे जाई. आता ऐकणं हेच ज्याचं काम, त्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने त्या खुर्चीत बसायचं कशाला? काकांना ती खुर्ची जिवापाड आवडायची. ट्रंका ठोकणाऱ्या माणसाला जगात इतका मान दुसरं कोण देणार होतं? म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत, त्याचे ओठ थांबले की गंभीरपणे मान हलवत आणि 'मान्य' म्हणत. आजवर कुणाला संशय आला नव्हता.

फक्त काकूला ठाऊक होतं. लग्नाच्या बायकोपासून काय लपतं? रविवारी उपासनेहून घरी येताना ती मुद्दाम काकांच्या कानाशी येऊन विचारायची, "अहो, उपदेश कसा झाला?"

"छान झाला."

एका रविवारी पाळकसाहेबांचा घसा पार बसला होता. उपदेश झालाच नाही, नुसती गाणी म्हणून मंडळी घरी गेली. त्या दिवशीही काका म्हणाले, "छान झाला. जरा थोडक्यात आटपला, तेही बरंच झालं." काकू भर रस्त्यात तोंडावर हात धरून हसली, पण तिने गुपित मात्र कधी फोडलं नाही.

त्यांच्या धाकटीलाही यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरी गंमत इथेच आहे. कारण धाकटी बहिऱ्या लोकांना पवित्र शास्त्र शिकवायची.

ही मुलगी शिकलेली होती. शाळेत नोकरी चालून आली होती. ती नाकारून 'मी मिशनचं काम करणार' असं तिने एका संध्याकाळी जाहीर केलं, तेव्हा स्वतः पंच असलेल्या काकांनी आकांडतांडव केलं. दुसऱ्याच्या मुलाने देवाची सेवा केलेली बघायला सोपी असते. स्वतःच्या घरातून मुलगी जायला निघाली की तीच सेवा जड वाटते. बरेच दिवस अबोला झाला. मग काकांनी दुकानातला सगळ्यात जाड पत्रा काढला, तिच्यासाठी एक ट्रंक बनवली, चारही कोपऱ्यांना दुहेरी पट्ट्या मारल्या आणि स्वतः ती गाडीत चढवून आले. प्रशिक्षण संपवून धाकटी परत आली ती याच मंडळीची शिक्षिका होऊन. सव्विसाव्या वर्षी सगळं गाव तिला 'ताई' म्हणायला लागलं, तिच्यापेक्षा दुप्पट वयाचेसुद्धा.

तिचा दिवस सायकलवर जायचा. सकाळी इस्पितळ. तिथे ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही त्यांच्या उशाशी ती बसे. कुणाचे केस विंचरून दे, कुणाच्या मुलाला फोन लावून दे. शास्त्रातलं वाचून दाखवायचं ते अगदी शेवटी, आणि तेही विचारून. "आज नको, ताई," असं कुणी म्हटलं तर ती "बरं" म्हणून उशी सारखी करून उठायची. दुपारी घरोघरच्या भेटी. काही जण तिला बघून दार लावून घेत. एका बाईने तर तोंडावर दार आपटलं होतं. पुढे तिच्याच घरासमोर धाकटीची सायकल पंक्चर झाली, तेव्हा त्याच बाईने पाणी दिलं आणि ताकीद दिली, "देवाचं सोडून काहीही बोल." धाकटी तिच्याशी तासभर कुंडीतल्या गुलाबावरच्या किडीबद्दल बोलून आली. आता ती बाई रस्त्यात भेटली की स्वतःहून हात करते.

या घरभेटींमध्येच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच घरांत आतल्या खोलीत कुणीतरी बसलेलं असायचं. कुणाचा भाऊ, कुणाची नणंद. त्यांच्याकडे ती वळली की घरचे म्हणत, "त्यांना राहू द्या, ताई. ऐकू येत नाही. त्यांना काय सांगणार?" एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग धाकटीचं डोकं फिरलं. बापाचाच स्वभाव. ती वर्षभर लांबच्या एका बहिऱ्यांच्या शाळेत जाऊन हातांची भाषा शिकून आली, आणि चर्चच्या मागे मोडक्या बाकांची जी खोली होती ती तिने मागून घेतली. बाक दुरुस्त करायला, भिंतीला चुना द्यायला काका गेले होते. अर्थात 'दुकानात मंदी आहे म्हणून आलो' असं सांगून.

वर्ग सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी धाकटीने ती चूक केली जी फक्त प्रार्थनेत वाढलेलं माणूसच करू शकतं. तिने हातांनी सांगितलं, "आपण प्रार्थना करू. डोळे मिटा." सगळ्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. तिनेही मिटले. मनोभावे प्रार्थना केली, हातांनीही केली, 'आमेन' म्हटलं आणि डोळे उघडले. समोर सगळे डोळे घट्ट मिटून बसलेले. प्रार्थना त्यांना दिसली नव्हती, आणि संपली हेही त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. शेवटी तिने एकेकाच्या खांद्यावर टिचकी मारली. कोपऱ्यातल्या इस्त्रीवाल्याला वाटलं, हाच प्रार्थनेचा विधी असणार. त्याने अत्यंत भक्तिभावाने शेजारणीच्या खांद्यावर टिचकी मारली, आणि तिने पुढच्याच्या.

हे तिने रात्रीच्या जेवणात सांगितलं तेव्हा काकूला ठसका लागला. काकाही पोट धरून हसले. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पण धाकटी हल्ली बोलायला लागली की हातही बोलत. मिटलेले डोळे, घट्ट आवळलेला चेहरा, खांद्यावरची टिचकी, सगळं ताटावरच घडायचं. घरात इतरांचं बोलणं काकांना अंदाजाने कळायचं, हिचं मात्र खडान्‌खडा कळायचं. त्यामुळे त्या वर्गातली सगळी माणसं त्यांच्या ओळखीची झाली होती. त्यांना हेही माहीत होतं की वर्गात प्रत्येकाला खुणेचं एक नाव आहे आणि आपलंही आहे: हवेत हातोडा मारायचा आणि भुवया आवळायच्या. हे कळलं त्या दिवशी काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दुकानात कुणी नसताना त्यांनी आरशात बघून भुवया आवळून पाहिल्या होत्या.

त्या वर्गातून बाप्तिस्म्यासाठी पहिल्यांदा पुढे आला तो हाच इस्त्रीवाला. चाळिशीचा माणूस, जन्मापासून बहिरा. बसथांब्याजवळच्या टपरीत उभं राहून दिवसभर गावाचे कपडे इस्त्री करायचा. मागच्या वर्षी त्याने नाव दिलं तेव्हा दुसरे पंच आडवे आले. ते लाकडाच्या वखारीचे मालक, सगळे त्यांना 'वखारवाले' म्हणत. माणूस वाईट नव्हता, चर्चच्या छपराच्या सगळ्या तुळया त्यांनीच दिलेल्या. पण नियम म्हणजे नियम. "कबुली तोंडाने द्यायची असते," ते म्हणाले, "तसं शास्त्र सांगतं. निदान एक शब्द तरी बोलू दे त्याला." पाळकसाहेब मवाळ. त्यांनी प्रकरण वर्षभर पुढे ढकललं. काका तेव्हा गप्प बसले. आपली मुलगी शिकवते म्हणून आपण तिची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, हे एक कारण, आणि ती बैठक नेमकी कशावर चालली आहे हे त्यांना घरी आल्यावर कळलं, हे दुसरं.

इस्त्रीवाल्याने ते वर्ष एक शब्द बोलायला शिकण्यात घालवलं. टपरीतल्या आरशासमोर उभा राहून तो तोंड उघडायचा, घशातून जोर करायचा. जो आवाज यायचा तो ऐकून बसची वाट पाहणारे हसत. कोणी त्याची नक्कलही करे. त्याला हसू ऐकू यायचं नाही, पण दिसायचं. एके दिवशी त्याने आरसा उलटा करून ठेवला आणि वर्गात येऊन धाकटीला खुणेने सांगितलं, "माझे हात चालत असतील तर घ्या. नाहीतर राहू द्या. पुन्हा विचारणार नाही."

या वर्षीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटी ताटातला भात नुसता चिवडत बसली. "बाबा," ती म्हणाली, "उद्या त्याला परत पाठवलं ना, तर तो गेला. आणि मी त्या वर्गात कोणत्या तोंडाने उभी राहू? देव तुमच्यावर प्रेम करतो म्हणून मीच शिकवते त्यांना, आणि त्याच्याच दारातून..." पुढे तिला बोलवेना. हात मात्र बोलून गेले.

काकांना सगळं कळलं. तरी ते म्हणाले, "मी त्या खुर्चीत तुझा बाप म्हणून बसत नाही."

"मी कुठे बाप म्हणून सांगतेय? पंच म्हणूनच बघा. पण नीट बघा."

काकू पाणी द्यायला वाकली आणि नवऱ्याकडे असं बघून गेली की काकांना तो घास कडू लागला.

परीक्षा चर्चच्या बाजूच्या खोलीत होती. एक लांब टेबल, मागे तीन खुर्च्या, समोर एक स्टूल. इस्त्रीवाला असा शर्ट घालून आला होता की बाहीच्या घडीने बोट कापावं. धाकटी त्याच्यासमोर, टेबलाच्या कडेला उभी राहिली.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेने सुरुवात केली. ती संपताच वखारवाले म्हणाले, "एक गोष्ट नोंदवतो. प्रार्थना चालू असताना याचे डोळे उघडे होते. सताड."

"त्याला प्रार्थना डोळ्यांनीच कळते, साहेब," धाकटी म्हणाली. "मी हातांनी सांगत होते. डोळे मिटले असते तर तो एकटाच प्रार्थनेबाहेर राहिला असता." मग ती जरा थांबली. "पण तुमचे मिटलेले असताना तुम्हाला त्याचे कसे दिसले?"

पाळकसाहेबांना खोकला आला. वखारवाल्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. काकांना शब्द ऐकू आले नव्हते, पण धाकटीने डोळ्यांकडे केलेला हात आणि वखारवाल्यांचा चेहरा त्यांनी पाहिला. तेवढं पुरेसं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. पाळकसाहेब विचारत, धाकटी हातांनी सांगे, इस्त्रीवाला हातांनी उत्तर देई आणि धाकटी ते बोलून दाखवे. प्रभू कोण, पाप म्हणजे काय, मंडळीत का यायचं. काका आजवर अशा कित्येक परीक्षांना ओठांकडे डोळे लावून बसले होते, पुढचा कधी थांबतो याची वाट बघत. आज त्यांनी ओठांकडे बघायचं सोडून दिलं. धाकटीच्या तोंडाकडेही ते बघेनात.

"प्रभूने तुझ्यासाठी काय केलं?" हा शेवटचा प्रश्न.

इस्त्रीवाला उभा राहिला. त्याने हवेतला एक कपडा उचलला, मुठीत चुरगळला आणि कोपऱ्यात फेकला. स्वतःच्या छातीवर हात ठेवला: हा मी. मग कुणीतरी आलं. त्या ढिगाऱ्यातून तोच कपडा त्याने वेचून काढला, उलटापालटा करून पाहिला, फेकला नाही. टेबलावर पसरला. बोटांनी त्यावर पाणी शिंपडलं. तळहाताने हळूहळू सुरकुत्या काढल्या, घाई न करता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग जड इस्त्री. इथे त्याचा चेहरा पिळवटला. चटका बसत होता. इस्त्री पुढे गेली, मागे आली. शेवटी त्याने तो कपडा दोन्ही खांद्यांना धरून उचलला, उजेडाकडे करून झटकला आणि स्वतःच्या अंगात घातला. वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि ताठ उभा राहिला.

धाकटी बोलून दाखवायचं विसरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला भान आलं तेव्हा ती घाईने सांगायला लागली, पण काकांनी हात वर करून तिला थांबवलं.

"राहू दे. कळलं."

पाळकसाहेब चष्मा पुसत होते. "माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण पंचांचं काय?"

वखारवाले चुळबुळले. त्यांनाही ते भिडलं होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण माणूस एकदा नियमाला चिकटला की सुटता सुटत नाही. "छान आहे. पण ही कबुली म्हणायची का? आपण आजवर प्रत्येकाचं उत्तर आपल्या कानांनी ऐकून मगच त्याला मान्य केलंय. आज कानांनी काय ऐकलं? ताई बोलल्या तेवढंच. मी अमान्य म्हणतो. पत्रेकाका, तुम्ही बोला."

काकांना यातलं निम्मं ओठांवरून कळलं. वखारवाल्यांनी स्वतःच्या कानाला दोनदा बोट लावलं, त्यावरून उरलेलं कळलं. समोर इस्त्रीवाला उभा होता, डोळे या तिघांच्या चेहऱ्यांवर. हसू जसं त्याला दिसायचं तसा नकारही दिसणार होता. काकांनी एकदा आपल्या खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले, आणि मग ते उठून उभे राहिले.

"वखारवाले, कानांनी ऐकून म्हणालात ना? मग ऐका. मला ऐकू येत नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवून काकांकडे बघितलं.

"कितीतरी वर्षं झाली. हातोड्याने कान खाल्ले. या खुर्चीत बसून मी एकाचंही उत्तर ऐकलेलं नाही. ओठ थांबले की मान हलवायची आणि मान्य म्हणायचं, एवढंच केलं. तुमचे जावई मागच्या वर्षी या स्टुलावर बसून काय म्हणाले, देव जाणे. मी मान्य म्हटलं." काकांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, आणि आज तो कमी करायची त्यांना गरज वाटली नाही. "आज पहिल्यांदा मला एका माणसाचं उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं. याचं चालत नसेल, तर मी मान्य केलेले सगळेच परत बोलवा. जावयांपासून सुरुवात करू."

वखारवाल्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं, पाळकसाहेबांनी टेबलाकडे. मग वखारवाले हळूच म्हणाले, "जावयाला तेव्हा काही धड येत नव्हतं. मी ऐकलं होतं ना. तरी मान्यच म्हटलं मी." त्यांनी मान खाली घातली. मग ती वर केली, इस्त्रीवाल्याकडे बघितलं आणि त्याला कळावं म्हणून चांगली दोन-तीनदा हलवली, वर आणि खाली.

"मान्य," काका म्हणाले. "आणि पाळकसाहेब, ही खुर्ची आता दुसऱ्या कुणाला द्या."

ते खोलीबाहेर पडले. अंगणात वर्गातली सगळी माणसं जमली होती. इस्त्रीवाला दारात आला, त्याचा चेहरा बघूनच त्यांना निकाल कळला, आणि क्षणात सगळ्यांचे हात हवेत गेले. काकांच्या मागोमाग धाकटी धावत आली. ती रडत होती आणि रागावलेलीही होती.

"बाबा! रोज यांच्यात वावरते मी. घरात तुम्ही, आणि मला दिसलं नाही? मी रोज जेवताना एवढं बोलायचे, ते सगळं..."

"सगळं कळलं," काका म्हणाले. "तुझं एकटीचं सगळं कळायचं. म्हणून तर जेवायला वेळेवर यायचो."

तिने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. काकांना पुष्कळ बोलायचं होतं. नोकरी सोडलीस तेव्हा मी चुकलो, हे बोलायचं होतं. तुझ्यासारखी मुलगी कुणाच्या घरात नाही, हेही. पण आजवर कधी बोलले नव्हते, तर शब्द येणार कुठून? आणि आले असते तरी ते स्वतःला ऐकू न येता बोलायचे, हे त्यांना आज नकोसं वाटलं.

"ए," ते म्हणाले, "अभिमान वाटतो, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने उघडा तळहात पोटाशी धरला, छातीवरून सावकाश वर नेला आणि हनुवटी उचलली.

काकांनी आधी तिच्याकडे बोट केलं. मग आपला तो घट्टे पडलेला हात वर न्यायला सुरुवात केली, पण तो उलटाच धरला गेला, तळवा बाहेर आणि मूठ अर्धी मिटलेली. अंगणातल्या सगळ्यांना ते दिसलं. इस्त्रीवाला पुढे आला. त्याने काकांचं मनगट धरलं, हात सुलटा केला, एकेक बोट सरळ करून दिलं, आणि मागे सरून खूण केली: पुन्हा म्हणा.

काकांनी भर अंगणात, सगळ्यांसमोर, पुन्हा म्हटलं.